सनद एकाची, वहिवाट दुसऱ्याची

संगणकाच्या आज्ञावलीच्या परवान्यावरून दोन बलाढ्य कंपन्यांत कज्जा जुंपला, म्हणजे त्याची बातमी अर्थविषयक पानावर झळकते, वकीलमंडळींत तिचा खल होतो, शेअरबाजारात भाव वरखाली होतात. परंतु ज्या माणसाचे लहानसे संकेतस्थळ त्याच आज्ञावलीच्या आधाराने कोठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर उभे असते, ज्याने वादीचे वा प्रतिवादीचे नाव उभ्या आयुष्यात ऐकलेले नसते, आणि ज्याचा ह्या सगळ्या प्रकरणाशी संबंध दरवर्षीच्या रिन्यूअलच्या बिलापुरताच येतो, त्याचे ह्या कज्ज्यात काय होते, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकांनी ती घेतली आहे, आणि मराठीत घेतली आहे, हे त्यांचे पहिले श्रेय होय.

लेखक मूळचे नाशिकचे; परंतु दीर्घकाळ त्यांचे वास्तव्य नोएडात असून त्यांचा व्यवसाय वेब होस्टिंगचा, म्हणजे इतरांची संकेतस्थळे सांभाळण्याचा आहे. मी त्यांचा शेजारी, आणि माझी हयात सरकारी दप्तरांत गेलेली. त्यामुळे सर्व्हरच्या अंतरंगाविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. करारपत्र, सनद, नोटीस आणि तगादा ह्या चार गोष्टींत मात्र मला थोडीफार गती आहे, आणि पुस्तकाचा निम्मा भाग ह्या चार गोष्टींनीच व्यापलेला असल्याकारणाने प्रस्तावनेचे काम त्यांनी माझ्या गळ्यात घातले असावे.

नोएडा हे ह्या विषयाला साजेसेच ठिकाण आहे. आणीबाणीच्या काळात, १७ एप्रिल १९७६ रोजी, यमुनेच्या पूर्वतीरावरील खेड्यांच्या जमिनी संपादून हे औद्योगिक नगर वसविण्यात आले. आणि त्याच वर्षी शिव नाडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी हिंदुस्थान कॉम्प्युटर्स कंपनी स्थापली, तिचे आजचे मुख्यालय ह्याच शहराच्या सेक्टर १२६ मध्ये आहे. सेक्टर ६२ मध्ये पुण्याच्या सी-डॅकची शाखा आहे. शेजारच्या ग्रेटर नोएडात हिरानंदानी समूहाचे योट्टा हे प्रचंड डेटा सेंटर २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाले. मोठी नावे ही. परंतु सेक्टर ६२-६३ च्या काचेच्या इमारतींत, एकेका मजल्यावर दहा-बारा पाट्या लागलेल्या असतात त्या ठिकाणी, होस्टिंगचा जो किरकोळ व्यापार चालतो, तो निराळाच. तेथे चारपाच मुले रात्रंदिवस पाळीपाळीने तक्रारींची तिकिटे निवारीत बसलेली असतात. त्यांची यंत्रे त्यांच्या कचेरीत नसतात, कोणा मोठ्या डेटा सेंटरच्या रॅकमध्ये भाड्याने घेतलेली असतात. आणि त्यांची गिऱ्हाइके लखनौच्या शिकवणीवर्गापासून नागपूरच्या संत्र्यांच्या व्यापाऱ्यापर्यंत आणि एखाद्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पानापर्यंत कोणीही असतात.

ह्या गिऱ्हाइकाची कायदेशीर स्थिती काय, हा पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे. त्याचा करार त्या किरकोळ होस्टिंगवाल्याशी. होस्टिंगवाल्याचा डेटा सेंटरशी व सीपॅनेलसारख्या नियंत्रण-पटलाच्या मालकाशी. पटल चालते लिनक्सच्या एखाद्या वितरणावर. आणि लिनक्सचा एकेक भाग जगभरच्या हजारो लेखकांनी लिहिलेला, ज्यांतील प्रत्येकाचा स्वामित्वहक्क आपापल्या ओळींपुरता शाबूत आहे. वरच्या कोणत्याही पायरीवर सनदेचा वाद निघाला की त्याचा धक्का खालपर्यंत पोहोचतो. मात्र खालच्या माणसास वरच्या वादात उभे राहण्याचा हक्क नाही, कारण तो त्या करारांचा पक्षकारच नाही. जमीनमहसुलाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो कूळही नव्हे, पोटकूळ होय. आणि पोटकुळाची वहिवाट कितीही जुनी असली तरी सनद पाहावयास मागणारा अंमलदार त्याच्याकडे येत नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो.

आता येथे मुक्तस्रोताचा अभिमानी वाचक आक्षेप घेईल की, लिनक्सचा परवाना तर खुला आहे, मग पोटकुळास भीती कसली? आक्षेप रास्त आहे, आणि निम्मा खराही आहे. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळते, त्याची रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली दुसरी आवृत्ती ज्याने शांतपणे वाचली असेल त्याला ठाऊक आहे की, त्यात आज्ञावली चालविण्याच्या क्रियेवर कसलेही बंधन नाही; बंधने आहेत ती प्रती काढण्यावर, बदल करण्यावर व वाटण्यावर. इतकेच नव्हे तर त्याच्या चौथ्या कलमात अशी तरतूद आहे की, मधल्या एखाद्या वाटणाऱ्याने अटी मोडल्यामुळे त्याचा परवाना रद्द झाला, तरी त्याच्याकडून ज्यांना प्रती मिळाल्या त्यांचा परवाना, ते स्वतः अटी पाळीत असेतोवर, अबाधित राहतो. मध्यस्थाच्या अपराधाबद्दल शेवटच्या माणसास शिक्षा होऊ नये, एवढी दूरदृष्टी फारच थोड्या कायदेपंडितांच्या मसुद्यांत आढळते. परंतु होस्टिंगच्या गिऱ्हाइकाला प्रत मिळालेलीच नसते! त्याला मिळते ती सेवा. प्रत राहते होस्टिंगवाल्याच्या यंत्रावर. म्हणजे परवान्याने जी ढाल दिली ती मधल्या माणसाच्या हाती, आणि तिच्या आड उभे राहावयाचे की नाही हे त्याच्या मर्जीवर. शिवाय, हा परवाना देणाऱ्याला मुळात तो देण्याचा अधिकार होता काय, असाच प्रश्न कोणी उपस्थित केला तर खुद्द परवानाच वादाच्या भोवऱ्यात सापडतो. २००३ साली नेमके हेच झाले, आणि पुस्तकातील सर्वांत विस्तृत प्रकरण त्याच मामल्यावर आहे.

त्या मामल्याची वंशावळ लांबलचक आहे. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. तिचे हक्क १९९३ मध्ये नोव्हेल कंपनीकडे आले. १९९५ मध्ये नोव्हेलने युनिक्सचा धंदा सांताक्रूझ ऑपरेशन, म्हणजेच एससीओ ह्या कंपनीस विकला. आपल्याकडील बँकांच्या शाखांत नव्वदीच्या दशकात ज्या काळ्या पडद्याच्या यंत्रांवर पासबुके भरली जात त्यांतील अनेकांवर ह्याच एससीओची युनिक्स चालत असे, आणि नोएडातील हिंदुस्थान कॉम्प्युटर्सही त्या सुमारास युनिक्सची यंत्रे बनवीत असे. तेव्हा हे नाव इकडच्या जुन्या अभियंत्यांना परके नाही. पुढे २००१ मध्ये हा धंदा कॅल्डेरा कंपनीने घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी स्वतःचे नाव बदलून एससीओ ग्रूप असे ठेवले. ही कॅल्डेरा स्वतःच लिनक्सची विक्रेती! ज्या जीपीएलखाली तिने वर्षानुवर्षे लिनक्स वाटले, त्याच लिनक्समध्ये आपला माल चोरून घातला आहे असा ओरडा तिने पुढे केला, ही ह्या प्रकरणातली पहिली विसंगती होय. आणि ती शेवटचीही नव्हे.

६ मार्च २००३ रोजी एससीओने आयबीएमवर युटा प्रांतात एक अब्ज डॉलरचा दावा लावला. दावा दोघांतला होता, आणि तो दोघांतच राहिला असता तर प्रस्तुत पुस्तकात त्याला एका पानापलीकडे जागा मिळाली नसती. परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यात एससीओने जगातील सुमारे दीड हजार मोठ्या कंपन्यांना पत्रे धाडून बजावले की, लिनक्स वापरणाऱ्यांवरही जबाबदारी येऊ शकते. आणि ऑगस्टमध्ये तिने आपल्या परवान्याचा दर जाहीर केला, प्रत्येक प्रोसेसरमागे ६९९ डॉलर, आणि तोही सवलतीचा, मुदतीनंतर दुप्पट होणार. नेमक्या कोणत्या ओळी चोरल्या, हे मात्र ती सांगेना. चोरी झाली आहे, चोराचे नाव सांगतो, पण चोरीचा माल दाखवीत नाही. तोपर्यंत दंडाची पहिली किस्त भरून ठेवा, असा हा खाक्या.

येथे होस्टिंगचा व्यवसाय रंगभूमीवर येतो. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी ईव्ही-वन सर्व्हर्स ह्या नावाची कंपनी होती. वीस हजारांच्या आसपास सर्व्हर ती भाड्याने देत असे. १ मार्च २००४ रोजी ह्या कंपनीने एससीओचा परवाना घेतल्याचे जाहीर झाले, आणि तोही आपल्या सर्व लिनक्स सर्व्हरांसाठी. तिचे प्रमुख रॉबर्ट मार्श यांचे म्हणणे असे होते की, ग्राहकांच्या डोक्यावरील अनिश्चिततेची टांगती तलवार दूर करण्यासाठी हे केले. हेतू वाईट होता असे म्हणवत नाही. पुढच्या दोनच दिवसांत एससीओने ऑटोझोन व डेमलर-क्रायस्लर ह्या दोन वापरकर्त्या कंपन्यांवर दावे गुदरले, तेव्हा भीतीही निराधार नव्हती. परंतु ह्या ‘सुरक्षिततेने’ ग्राहक खवळले. ज्या मालाचे दाम मागणाऱ्याने आपली मालकी सिद्ध केलेली नाही त्याला आमच्या भाड्यातून दाम का मोजलेत, असा त्यांचा सवाल होता. आणि असे दाम एकाने मोजले की दुसऱ्याकडे तगादा लावण्यास मागणाऱ्याला दाखला मिळतो, ही त्यामागील मेख त्यांच्या ध्यानी आली होती. काही आठवड्यांतच मार्श यांनी उघडपणे कबूल केले की, पुन्हा प्रसंग आला तर आपण असे करणार नाही.

आम्हां महाराष्ट्रीयांस ह्या प्रकारात काही ओळखीचे दिसावे. पेशवाई बुडाल्यावर तीसेक वर्षांनी मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या इनामी जमिनी खाणाऱ्या घराण्यांना हुकूम सुटले, सनदा हजर करा; ज्यांच्या सनदा जळाल्या, वाळवीने खाल्ल्या वा मुळातच तोंडी हुकमावर चाललेल्या होत्या, त्यांची इनामे खालसा झाली. पुढे सरकारला शहाणपण सुचले आणि १८६३ च्या कायद्यांनी असा पर्याय दिला की, आकाराचा ठरीव अंश दरसाल भरा, म्हणजे चौकशीवाचून इनाम कायम. कितीएकांनी सनद खरी असूनही तो अंश भरणे पत्करले, कारण चौकशीची दगदग त्याहून महाग पडत होती. ईव्ही-वनने घेतलेला परवाना ह्याच जातीचा होता. फरक इतकाच की, इनाम कमिशनच्या हाती निदान राज्यसत्ता होती, आणि एससीओच्या हाती, पुढे उघडकीस आले त्याप्रमाणे, स्वतःचीच सनद नव्हती.

कारण १९९५ च्या विक्रीखतात नोव्हेलने स्वामित्वहक्क स्वतःकडे राखून ठेवले होते! १० ऑगस्ट २००७ रोजी न्यायमूर्ती डेल किंबॉल यांनी युनिक्सचे स्वामित्वहक्क नोव्हेलचेच असल्याचा निर्णय दिला. पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात प्रकरण परत फिरले, तेव्हा ३० मार्च २०१० रोजी ज्यूरीनेही नोव्हेलच्याच बाजूने कौल दिला. आयबीएमवरील दावा मात्र दिवाळखोरीच्या विश्वस्ताच्या हाती रेंगाळत राहिला आणि २०२१ मध्ये सव्वाचौदा दशलक्ष डॉलरांच्या तडजोडीने एकदाचा मिटला. अठरा वर्षे! दरम्यान ईव्ही-वन २००६ मध्ये दी प्लॅनेट ह्या कंपनीत विलीन झाली, ती २०१० मध्ये सॉफ्टलेयरमध्ये, आणि सॉफ्टलेयर २०१३ मध्ये कोणी विकत घ्यावी? आयबीएमने. ज्या आयबीएमविरुद्धच्या दाव्याला भिऊन ज्या सर्व्हरांसाठी परवाना घेतला, त्या सर्व्हरांचा धंदा अखेर त्याच आयबीएमच्या दाराशी जाऊन थांबला. आणि भरलेले पैसे ज्याला मिळाले त्याचे दुकान तोवर दिवाळखोरीत बुडालेले. कादंबरीकाराने असा शेवट लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

ह्या सगळ्या काळात संरक्षणाची व्यवस्था कोणी केलीच नाही असे नाही. हेवलेट-पॅकार्डने २००३ च्या सप्टेंबरात आपल्या लिनक्स ग्राहकांना हानिरक्षणाची हमी दिली. नोव्हेलने व रेड हॅटने २००४ च्या आरंभी आपापल्या परीने तसेच काही केले. परंतु ह्या हम्या कोणासाठी होत्या? ज्यांनी त्या कंपन्यांकडून थेट खरेदी केली त्यांच्यासाठी. महिना काही शे रुपये भाड्याच्या जागेवर दुकान मांडलेल्या माणसापर्यंत त्यांतील एकही पोहोचत नव्हती. जर्मनीत मात्र निराळे घडले. तेथे न्यायालयांनी २००३ मध्येच एससीओच्या स्थानिक शाखेस पुराव्यावाचून असले आरोप पसरविण्यास मनाई केली, आणि मनाई मोडल्याबद्दल दंडही केला; त्यासरशी त्या देशात हा आवाज बंद पडला.

आपल्याकडे असा उपाय आहे काय? लेखकांनी येथे भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ याच्या ६०व्या कलमाकडे बोट दाखविले आहे, आणि मला स्वतःला ही पुस्तकातील सर्वांत उपयुक्त पाने वाटतात. स्वामित्वहक्काचा धनी म्हणविणारा कोणी परिपत्रकांनी, जाहिरातींनी वा अन्य रीतीने दुसऱ्यास दाव्याची धमकी देत असेल, तर त्या धमकीने ज्यास बाध आला अशी कोणतीही व्यक्ती स्वतः न्यायालयात जाऊन, आपल्याकडून भंग झालेला नाही असा निर्णय मागू शकते, धमक्या थांबविण्याचा हुकूम मिळवू शकते व नुकसानभरपाईही मागू शकते; धमकी देणाऱ्याने तत्परतेने खरोखरच दावा लावला व चालविला तर मात्र हे कलम लागू पडत नाही. म्हणजे सिद्ध कर, नाहीतर गप्प बस, असा हा न्याय. ‘परिपत्रकांनी’ हा शब्द आमच्या कायद्यात एससीओच्या पत्रांच्या कितीतरी आधीपासून बसलेला आहे, हे वाचून मला, एका जुन्या दप्तरी माणसाला, गुदगुल्या झाल्या. अर्थात न्यायालयाचे दार ठोठावणे आणि त्यातून आत जाणे ह्यांत अंतर असते. नोएडा गौतमबुद्धनगर जिल्ह्यात येते. यमुना ओलांडली की दिल्लीचे उच्च न्यायालय दिसते, पण नोएडाकराचे उच्च न्यायालय ते नव्हे. त्याचे अपील थेट प्रयागराजला जाते. आणि वादीचे ठाणे दिल्लीत असेल तर प्रतिवादीला दिल्लीतही खेचले जाते. नदीच्या एका काठावर राहून दोन्ही काठांच्या वकिलांची फी मोजण्याचे भाग्य ह्या शहराला लाभलेले आहे.

परंतु कोर्टकज्ज्याचा धाक दाखवून लेखक थांबले असते तर पुस्तक एकांगी झाले असते. त्यांचा खरा सिद्धान्त, आणि माझ्या मते तो बिनतोड आहे, असा की होस्टिंगच्या सामान्य ग्राहकावर परवान्याचे वाद समन्साच्या रूपाने येतच नाहीत. ते येतात वाढलेल्या दराच्या रूपाने, किंवा सक्तीच्या स्थलांतराच्या रूपाने. त्याचा दाखला म्हणून त्यांनी आपल्याच दप्तरातील एक बिल छापले आहे. नोएडाहून महाराष्ट्रातील ग्राहकाला गेलेले ते बिल साधेच आहे: सेवेचा संकेतांक ९९८३१५, सर्व्हरभाडे एका ओळीत, ‘सीपॅनेल लायसन्स’ दुसऱ्या ओळीत, खाली आंतरराज्य जीएसटी १८ टक्के. सर्व्हरभाड्याची ओळ दोन वर्षांत हलली नाही. दुसरी ओळ मात्र फुगत गेली. ह्याचे कारण असे की सीपॅनेल हे लिनक्सवर चालणारे, पण स्वतः मुक्तस्रोत नसलेले पटल. त्याची मालकी २०१८ मध्ये बदलली, आणि २०१९ च्या जूनमध्ये नव्या मालकांनी दर सर्व्हरमागचा एकरकमी आकार मोडून खात्यांच्या संख्येवर आकारणी जाहीर केली. एका सर्व्हरवर शेकडो लहान खाती सांभाळणारा जो किरकोळ होस्टिंगवाला, त्याचे कंबरडेच मोडले. आणि त्याने ते ओझे, दुसरे काय करणार, खात्यांवर वाटले. तळाशी लिनक्स, वरती वर्डप्रेस, दोन्ही मुक्त. मधल्या एका बंदिस्त मजल्याचे भाडे वाढले आणि राहणाऱ्याला संपूर्ण इमारतच महागली.

पाठोपाठ दुसरा धक्का आला. त्या काळी होस्टिंगचे पुष्कळ सर्व्हर सेंटओएसवर चालत. रेड हॅटच्या विकाऊ प्रणालीची ती हुबेहूब व फुकट आवृत्ती. आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल अशा भरवशावर लोकांनी यंत्रे उभारली होती. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने, जी आदल्याच वर्षी आयबीएमने चौतीस अब्ज डॉलरांना घेतली होती, जाहीर केले की ही मुदत २०२१ अखेरच संपेल. आठ वर्षांचे वचन वर्षभरावर आले. ह्यात कोणाचा परवाना मोडला गेला नाही, कोणी न्यायालयात गेले नाही. जीपीएलने आज्ञावली चालविण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, ती सांभाळत राहण्याची हमी दिलेली नाही, एवढेच त्या दिवशी सर्वांना कळले. त्याच परवान्याचा दुसरा गुण असा की, वाटेल त्याला ते काम पुढे चालविता येते. आणि काही महिन्यांतच आल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही दोन वितरणे उभी राहिलीही. २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅटने आपला मूळ कोड ग्राहकांपुरता आवरता घेतला, तेव्हा ह्या दोघांना नव्या वाटा शोधाव्या लागल्या, पण ती दोन्ही तगली. ज्या आयबीएमने लिनक्सच्या बाजूने अठरा वर्षे दावा लढविला, तिच्याच घरातून पुढे हा त्रास निघाला, ह्यावर पुष्कळ कडवट लिहिता येईल. लेखकांनी ते टाळले आहे, आणि ठीकच केले आहे. कंपनीला स्मरणशक्ती नसते, ताळेबंद असतो.

ह्या दोन्ही प्रसंगी रात्रीच्या वेळी मायग्रेशन कसे करावे लागते, खात्यामागून खाते नव्या यंत्रावर नेताना जुन्या पीएचपीवर विसंबलेली संकेतस्थळे कशी कोसळतात, डीएनएसचा बदल पसरेपर्यंत अर्धे ग्राहक जुन्या सर्व्हरवर व अर्धे नव्यावर कसे पोहोचतात आणि मधल्या तासांत आलेली मेल कोठे हरवते, ह्याचे लेखकांनी केलेले वर्णन मुळातूनच वाचावे. मला त्यात एकच भर घालावीशी वाटते: अशा वेळी साइट डाउन झाली म्हणून होस्टिंगवाल्याच्या नावाने जो शिमगा होतो, त्यातील बराचसा अस्थानी असतो. तोही वरच्या कोणाचे तरी कूळच.

२०२४ मधील वर्डप्रेसच्या झगड्यावरील प्रकरण त्या मानाने आटोपशीर आहे, कारण पुस्तक लिहिले गेले तेव्हा झगडा ताजाच होता. वर्डप्रेस ही जीपीएलखालील आज्ञावली. तिचे एक जनक मॅट मलनवेग आणि तिच्यावर होस्टिंगचा मोठा व्यवसाय करणारी डब्ल्यूपी एंजिन ही कंपनी ह्यांच्यात व्यापारचिन्हाच्या मोबदल्यावरून तंटा झाला. २५ सप्टेंबर २०२४ रोजी डब्ल्यूपी एंजिनच्या सर्व्हरांना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून प्लगइन व अपडेट मिळणे बंद करण्यात आले. तंटा दोन धन्यांचा. अपडेट थांबले ते ग्राहकांचे, आणि अपडेट थांबणे म्हणजे सुरक्षेची दारे उघडी राहणे. मधे काही दिवसांची सवलत मिळाली, पुन्हा बंदी आली, आणि अखेर १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने अंतरिम हुकूम देऊन जुनी वहिवाट पूर्ववत करविली. कोड मुक्त असला तरी तो ज्या दरवाजातून रोज येतो तो दरवाजा कोणा एकाच्या खासगी मालकीचा असू शकतो, हे ह्या प्रकरणाचे तात्पर्य लेखक सांगतात. मोंगोडीबी, इलॅस्टिक, टेराफॉर्म, रेडिस ह्या आज्ञावलींच्या मालकांनी २०१८ पासून २०२४ पर्यंत आपले परवाने एकामागून एक आवळले, त्यांचा परामर्श त्यांनी थोडक्यात घेतला आहे. लहान ग्राहकाला त्यांची झळ क्वचितच लागते.

उपायांच्या प्रकरणात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याचा ऊहापोह आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला हा कायदा संरक्षण देत नाही. पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी ज्याने ती घेतली, त्या लहान दुकानदारास, शिकवणीवाल्यास, शिंपिणीस तो ग्राहकच मानतो. शिवाय तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे आता तक्रार करता येते. होस्टिंगच्या करारात कोणत्याही दूरच्या शहराचे न्यायक्षेत्र छापलेले असो. एकतर्फी, अन्यायकारक अटींचा ‘अनुचित करार’ हाही ह्या कायद्यात नव्याने आलेला विषय आहे. लेखकांनी नमुन्यादाखल दिलेल्या करारातील दोन कलमे ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत: एकात, तिसऱ्या पक्षाच्या आज्ञावलीचे दर वाढल्यास ते पूर्वसूचनेवाचून ग्राहकावर टाकण्याचा हक्क, दुसऱ्यात, कितीही हानी झाली तरी कंपनीची जबाबदारी गेल्या महिन्याच्या भाड्यापुरती. अशा कलमांवर सही करून आपण बसलेले आहोत हे बहुतेकांच्या गावीही नसते.

लेखकांशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे, तो नमूद करणे इष्ट. त्यांचा भर परवाना वाचण्यावर आहे. ग्राहकाने जीपीएल समजून घ्यावा, पटलाचा करार वाचावा, वगैरे. माझ्या मते ही अपेक्षा फाजील आहे. ज्या माणसाला सकाळी दुकान उघडावयाचे आहे त्याने परवान्यांचे टीकाग्रंथ वाचत बसू नये. त्याने तीन गोष्टी पाहाव्यात: डोमेन होस्टिंगवाल्याच्या नव्हे, स्वतःच्या नावावर नोंदलेले आहे ना, संकेतस्थळाचा व डेटाबेसचा संपूर्ण बॅकअप होस्टिंगवाल्याच्या यंत्राबाहेर, आपल्या ताब्यात आहे ना, आणि तो बॅकअप दुसरीकडे लावून एकदा तरी उघडून पाहिला आहे ना. मुक्तस्रोताने त्याला जे खरे स्वातंत्र्य दिले आहे ते सोडून जाण्याचे आहे. लिनक्स व वर्डप्रेस कोठेही मिळतात. त्यामुळे एका घरमालकाशी बिनसले तर ग्राहक आपले बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. मात्र बिऱ्हाड आपल्या हाती असले पाहिजे. हे स्वातंत्र्य वापरण्यासाठी जीपीएलचे चौथे कलम पाठ असावे लागत नाही.

वाचकांस एकच विनंती. पहिले प्रकरण सुरू करण्यापूर्वी आपल्या होस्टिंगचे शेवटचे बिल आणि सही केलेले करारपत्र शोधून काढावे आणि पुस्तकाशेजारी ठेवावे. करारपत्र सापडत नसेल तर होस्टिंगवाल्याकडे आजच त्याची प्रत मागावी.

नोएडा